न छापलेला अभ्यासक्रम

‘कॉलेजात कोण टिकतं?’ हा यंदाच्या अंकाचा विषय. बीड जिल्ह्यापुरती या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. आईबाप उसाला गेले म्हणून शाळा सुटलेली मुलं टिकत नाहीत, बारावीच्या आत लग्न झालेल्या मुली टिकत नाहीत, क्लासची फी भरता न आलेली पोरं टिकत नाहीत. ही उत्तरं खरी आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या लेखातले विद्यार्थी मात्र यांपैकी कुठल्याच यादीत सापडत नाहीत. ते प्रवेश घेतात, वर्गात रोज त्याच बाकावर त्याच जागी बसतात, आणि एखाद्या सत्रानंतर यायचे बंद होतात. हजेरीपटावर नाव तेवढं राहतं. त्यांच्यातल्या काहींना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असते आणि ती आहे हे त्यांना स्वतःलाही बहुधा ठाऊक नसतं.

नेकनूर हे बीड तालुक्यातलं मोठं गाव, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. बंकटस्वामी महाराजांच्या संस्थानामुळे वारकऱ्यांना परिचित. गावात पोलीस ठाणं आहे, सरकारी रुग्णालय आहे, शाळा आहेत, आठवडी बाजार भरतो. पुढच्या शिक्षणासाठी मात्र पोरांच्या वाटा फुटतात. बहुतेक जण एसटीनं पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या बीडला जातात, काही केज-अंबाजोगाई धरतात, विज्ञानवाले आणि ज्यांच्या घरी पैसा जमवता येतो ते लातूर गाठतात. या वाटेवर स्वमग्न मुलं किती, हे कुणी मोजलेलं नाही. २०११च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे प्रकार विचारले गेले त्यांत ऑटिझमचा रकानाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१चा अंदाज १२७ माणसांत एक असा आहे. तो जगाचा सरासरी अंदाज आहे, जसाच्या तसा जिल्ह्याला लावता येणार नाही. पण त्याच जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. अंदाज निम्म्यावर आणला तरी जिल्ह्यातली स्वमग्न माणसं दहा हजारांच्या घरात जातात. त्यांतल्या काहींना बोलता येत नाही, काहींना बौद्धिक अक्षमताही असते आणि ते कॉलेजपर्यंत पोचत नाहीत. पण बोलणारे, पाठांतर पक्कं असलेले, एखाद्या विषयात मास्तरांनाही मागं टाकणारे पोचतात. गावानं त्यांना आपापली नावं देऊन ठेवलेली असतात. घुमा, एककल्ली, माणूसघाणा, हट्टी. मुलगी असेल तर ‘लाजाळू’ म्हणून कौतुकही होतं आणि विषय तिथंच संपतो.

या लेखाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. स्वमग्न विद्यार्थी कॉलेजात अडतो तो बहुतेक वेळा छापील अभ्यासक्रमावर अडत नाही, कॉलेज ज्या न छापलेल्या, न सांगितलेल्या गोष्टींवर चालतं त्यांवर अडतो. आणि त्या गोष्टी सांगणं, लिहिणं, आधी कळवणं हे आपल्या हातातलं काम आहे.

मिसिसिपीतलं एक गाव

जगात ऑटिझमचं निदान झालेला पहिला मुलगा महानगरातला नव्हता. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात १९३३ साली जन्मलेला डोनाल्ड ट्रिपलेट हा तो मुलगा. बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातलं पहिलं प्रकरण त्याचं आहे. आकड्यांत रमणारा, ठरलेला क्रम मोडला की अनावर होणारा, माणसांकडे लक्ष नसलेला. त्याला काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. कॅनर तिथं भेटायला गेले तेव्हा त्यांना दिसलं, की त्या जोडप्यानं मुलाचा मोजण्याचा नाद मोडायचा प्रयत्नच केला नव्हता. त्याला विहीर किती खोल गेली ते मोजायला लावलं होतं. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, म्हणून ओळी मोजत मोजतच त्याला नांगर धरायला शिकवलं होतं. मग तो गावच्या शाळेत गेला, पुढं जॅक्सनच्या मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच विषय घेऊन १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारला.

ही गोष्ट सांगताना एक बाब लपवता कामा नये. ती बँक त्याच्या आईच्या घराण्याची होती आणि वडील वकील होते. गोरं, सुखवस्तू, गावात वजन असलेलं घर होतं ते. त्या मुलाच्या विक्षिप्तपणाला गावानं सांभाळून घेतलं, त्यात या वजनाचा वाटा मोठा होता. कोयता घेऊन सहा महिने बाहेर जाणाऱ्या जोडप्याच्या मुलाला ते वजन नाही. पण गोष्टीचा दुसरा भाग कुठल्याही गावाला लागू आहे. डोनाल्डला सावरलं ते औषधानं किंवा महागड्या उपचारानं नाही. काय करायचं, कसं करायचं, किती करायचं हे त्याला स्पष्ट सांगणारी माणसं आणि वर्षानुवर्षं न बदलणारा परिसर त्याला मिळाला. आपलं कॉलेज नेमकं या दोन्ही बाबतींत उलटं असतं.

कॉलेज कशावर चालतं

शाळेत घंटा होते, वर्ग ठरलेला असतो, वर्गशिक्षक एक असतात, मधल्या सुट्टीत कुठं बसायचं हेही चार वर्षांत ठरून गेलेलं असतं. स्वमग्न मूल या चौकटीत पुष्कळदा निभावून नेतं. आईचा हात असतो, एखाद्या बाईंचा जीव असतो. कॉलेजात हे सगळं एका जूनमध्ये जातं. वेळापत्रक फलकावर लागतं, पण पहिले काही आठवडे ते पाळलं जाईलच असं नाही. सर आले की तास, नाही आले की नाही. हा दोष कुणा एकाचा नाही. मराठवाड्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत मंजूर पदं रिकामी आहेत आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, कधी सत्र सुरू झाल्यावर होते, आणि माणूसही बदलतो. ज्या विद्यार्थ्याला एका शिक्षकाच्या आवाजाची, बोलण्याच्या ढबीची सवय व्हायलाच तीन महिने लागतात, त्याच्यासाठी ही दरवर्षीची नवी सुरुवात असते.

मग माहिती कशी फिरते ते पाहावं. परीक्षेचा अर्ज भरायची तारीख कार्यालयाच्या खिडकीवर चिकटवलेल्या कागदावर असते. ती वाढल्याचं शिपायाला माहीत असतं. शिष्यवृत्तीला कोणता दाखला चालतो हे गेल्या वर्षी अर्ज भरलेल्या मुलाला माहीत असतं. जर्नल कधी तपासून घ्यायचं हे व्हॉट्सअॅपच्या गटावर येतं, ते दोनशे शुभेच्छा आणि चेष्टेच्या संदेशांखाली दबतं. बाकीची पोरं ही माहिती चहाच्या टपरीवर, एसटीच्या मागच्या सीटवर, अशीच गोळा करतात. गप्पा मारता आल्या की कॉलेज चालवता येतं. ज्याला गप्पांत केव्हा शिरावं आणि केव्हा निघावं हेच कळत नाही, त्याच्यापर्यंत तारीख पोचत नाही. तो अर्ज भरत नाही. कार्यालयाच्या लेखी तो निष्काळजी ठरतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या पदवी अभ्यासक्रमानं यात भर घातली आहे. क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सहअभ्यासक्रम यांना श्रेयांक आले. हेतू चांगलाच आहे. पण प्रकल्पाला गट करावा लागतो आणि ‘आपापले गट करा’ या तीन शब्दांत स्वमग्न विद्यार्थ्याचं सत्र बुडू शकतं. त्याला कुणी घेत नाही, किंवा घेतात आणि सगळं लिहिण्याचं काम त्याच्यावर टाकतात. कामाच्या अनुभवासाठी दुकान, बँक, पतसंस्था स्वतः शोधायची असते, म्हणजे अनोळखी माणसाच्या टेबलापुढं उभं राहून विनंती करायची. विषयात पहिला येणारा मुलगा इथं शून्यावर येतो आणि ते शून्य त्याच्या ज्ञानाचं माप म्हणून गुणपत्रिकेत छापलं जातं.

छळाबद्दलही बोललं पाहिजे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९चे. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र भरून घेतात. पण स्वमग्न मुलाला जे सोसावं लागतं ते रॅगिंगच्या व्याख्येत बसवायला अवघड असतं. कुणी मुद्दाम खोटी तारीख सांगतं, कुणी त्याच्या बोलण्याची नक्कल करतं, कुणी ‘ती तुझ्याकडे बघते’ म्हणून सांगून त्याला मुलीकडे पाठवतं आणि मग गंमत बघतं. तो शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणे घेतो, खरं मानतो. मुलीनं तक्रार केली तर दोषी तोच ठरतो, आणि मुलीलाही त्रास झालेलाच असतो. ‘पोरांची मस्करी’ म्हणून हे मिटवणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा विचार करावा, की त्या दिवसानंतर तो मुलगा कॉलेजात का येत नाही.

परीक्षेची सकाळ

सगळ्यात जास्त कस लागतो तो परीक्षेच्या दिवशी. नेकनूरहून येणाऱ्याला पहिली गाडी धरावी लागते, आणि गाडी गच्च असते. केंद्राच्या फाटकाशी शे-दोनशे विद्यार्थी एका फलकाला भिडलेले. कुठला बैठक क्रमांक कुठल्या दालनात, ते त्या फलकावर खडूनं नाहीतर छापील कागदावर लिहिलेलं, आणि ते त्याच सकाळी कळणार. कालच्या पेपरला होतं ते दालन आज असेलच असं नाही. बीड जिल्हा कॉपीसाठी बदनाम, त्यामुळे कॉपीमुक्तीचा बंदोबस्त कडक. दारात झडती, खिसे, कंपासपेटी, कधी बूटसुद्धा. ज्याला अनोळखी स्पर्श चटक्यासारखा लागतो तो झडतीत अंग चोरतो, आणि अंग चोरणारा संशयित वाटतो. आत पंख्याचा खडखडाट, शेजारच्या बाकाची करकर, पर्यवेक्षकांचं आपसातलं बोलणं. इतरांच्या कानांना याची सवय होते, त्याचे कान प्रत्येक आवाज सारख्याच जोरानं ऐकत राहतात.

मग प्रश्नपत्रिका. ‘थोडक्यात लिहा.’ थोडक्यात म्हणजे किती? चार ओळी की दीड पान? इतर मुलं गुणांवरून अदमास बांधतात. विषय मनापासून आवडणारा स्वमग्न विद्यार्थी पहिल्याच प्रश्नावर सात-आठ पानं लिहितो, कारण त्याला तेवढं येतं आणि थांबा असं कुणी सांगितलेलं नसतं. मध्येच पर्यवेक्षक सहीसाठी उत्तरपत्रिका ओढतात, लय तुटते, ती परत जुळायला दहा मिनिटं जातात. भरारी पथक येतं, सगळ्यांना उभं करतं. शेवटची घंटा होते तेव्हा त्याचे तीन प्रश्न कोरे असतात. परीक्षकापुढं जे येतं ते ‘एक प्रश्न उत्तम, बाकी तयारी नाही’ असं दिसणारं. खरं तर त्याची तयारी पूर्ण होती.

प्रमाणपत्राचं दार

यावर कायद्यात तजवीज आहे, आणि ती चांगली आहे. १९९५च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तिथला भर पालकत्व आणि देखभालीवर होता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं २१ प्रकारांत त्याचा समावेश केला. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात १ टक्का अशा गटासाठी आला, ज्यात ऑटिझम आहे. परीक्षेत लेखनिक, तासाला किमान २० मिनिटं वाढीव वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सवलती मिळू शकतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं, की लिहिण्यात खरी अडचण असलेल्याला केवळ ४० टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही काढला.

अडचण दारापाशी आहे. सवलतीला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला निदान लागतं, आणि निदानाची आपली सगळी व्यवस्था लहान मुलांसाठी उभारलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी १८व्या वर्षी संपते, म्हणजे नेमकी कॉलेजच्या उंबरठ्यावर. भारतात ऑटिझम मोजायला जी मापनश्रेणी वापरतात तिच्यात ४० मुद्दे आहेत, ७० गुणांपासून ऑटिझम धरला जातो, आणि मुद्द्यांमध्ये एकट्यानं खेळणं, आळीपाळीनं वागता न येणं, शब्दांची पुनरुक्ती अशा गोष्टी आहेत. वीस वर्षांच्या मुलानं नजरेला नजर द्यायला, ठरावीक वेळी हसायला कष्टानं शिकून घेतलेलं असतं. मुली हे अधिक निगुतीनं करतात. मग गुण कमी भरतात. लहानपणी हा कसा होता हे सांगायला आईवडील लागतात, आणि ऊसतोडीच्या घरात ते दसऱ्यानंतर कारखान्यावर जातात ते पाडव्याच्या आसपास परततात. हिवाळी सत्राची परीक्षा या मधल्या काळातच येते. शिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या तपासणी मंडळात मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच दिवशी हजर असायला हवेत. मंडळाचा वार चुकला की पुढची फेरी, पुन्हा एक रोज बुडवून.

दार उघडलं तरी आत काय आहे? महाविद्यालयांच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही परिसर पाहिला जातो. त्यात उतार, लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, लेखनिकाची सोय या बाबी येतात. त्या हव्याच आहेत. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला उतार नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. पण उताराचा फोटो काढून अहवालात लावता येतो, आधी कळवलेल्या वेळापत्रकाचा फोटो निघत नाही. म्हणून पहिलं होतं आणि दुसरं राहून जातं. स्वमग्न विद्यार्थ्याचा उतार म्हणजे माहिती. ती वेळेवर आणि लेखी मिळाली की तो वर चढतो.

आक्षेप घेणाऱ्यांना

पहिला आक्षेप याच जिल्ह्यातला आहे आणि तो टाळता येणार नाही. बदलीत सवलत मिळावी म्हणून दिलेल्या दिव्यांग प्रमाणपत्रांची काही वर्षांपूर्वी बीडमध्ये फेरतपासणी झाली आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. अशा ठिकाणी न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाला सवलत द्या म्हटलं की लोक हसतात. शंका रास्त आहे. पण खोट्या प्रमाणपत्रांचा पहिला बळी खरा दिव्यांग असतो, आणि त्याला आणखी कडक दार बसवून दुसऱ्यांदा बळी देऊ नये. शिवाय या लेखात ज्या सोयी सुचवल्या आहेत त्यांतल्या बहुतेकींना प्रमाणपत्रच लागत नाही. बैठक व्यवस्था आदल्या संध्याकाळी जाहीर करणं ही कुणाला दिलेली सवलत होत नाही. तिच्यासाठी कुणी खोटा दाखला काढणार नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. उद्या नोकरीत कोण सांभाळून घेणार, तेव्हा आताच शिकू द्या, असं कळकळीनं म्हणणारे प्राध्यापक आहेत. त्यांना एकच विचारायचं आहे: परीक्षा कशाची घेतो आहोत? प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत प्राणिशास्त्र तपासायचं असेल, तर डोळ्यांत न बघता दिलेलं बरोबर उत्तर बरोबरच आहे. तोच प्रश्न लेखी देऊन लेखी उत्तर घेतल्यानं विषय सोपा होत नाही. हे खरं, की काही अभ्यासक्रमांत माणसाशी बोलणं हाच विषय असतो. परिचर्या आहे, शिक्षकी पेशा आहे. तिथं संवादाची कसोटी ढिली करू नये, पण ती कसोटी काय आहे हे आधी लिहून द्यावं. ‘शिकू द्या’ म्हणताना शिकवणार कोण, हेही सांगावं. ब्रिटनमधले स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजण्याचा हा प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे. स्वमग्न माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. आपण मात्र शिकण्याचं सगळं ओझं एकाच बाजूवर टाकतो. दिवसभर दुसऱ्यासारखं वागून संध्याकाळी थकून पडणाऱ्या मुलाकडे अभ्यासाला काय उरणार?

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात वजनदार. तासावर पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकाला आणखी काम सांगायचं कोणत्या तोंडानं? समुपदेशकाचं पद नाही, वेगळी खोली नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्शल विद्यापीठानं २००२ मध्ये स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. ते खाणकामगारांचं, त्या देशात गरीब समजलं जाणारं राज्य आहे, तरी तशी यंत्रणा आपल्याला लगेच उभारता येणार नाही, हे मान्य. पण पैसा न लागणाऱ्या गोष्टी आधी संपवूयात. बदललेला तास, तारीख, दालन एकाच ठिकाणी आणि लेखी जाहीर व्हावं, आणि त्या जागेवर दुसरं काही येऊ नये. गट प्राध्यापकांनी पाडावेत आणि कुणी काय करायचं ते कागदावर द्यावं. प्रश्नपत्रिकेत ‘थोडक्यात’च्या जागी ‘आठ ते दहा ओळींत’ लिहावं. झडती घेण्यापूर्वी काय करणार ते तोंडानं सांगावं. यानं घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या प्रत्येक मुलामुलीचा फायदा आहे. कार्यालयाच्या खिडकीवर काय विचारायचं हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं.

राहता राहिला मुक्त विद्यापीठाचा सल्ला. ‘त्याला घरी बसून पदवी करू द्या’ असं पालकांना सर्रास सुचवलं जातं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानं नोकरदारांना, गृहिणींना पदवीपर्यंत नेलं आहे, आणि एखाद्या स्वमग्न विद्यार्थ्यानं स्वतःहून तो मार्ग निवडला तर तो उत्तमच. पण कॉलेजला जमत नाही म्हणून त्याला घरी पाठवणं आणि त्यानं घर निवडणं यांत अंतर आहे. नेकनूरच्या घरात बसलेल्या मुलाला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि आपल्याच नादाचा एखादा तरी सोबती कुठून मिळणार?

दिवाळीची सुट्टी संपली की हिवाळी परीक्षांचे दिवस येतात. प्राचार्यांनी या वेळी तीन गोष्टी कराव्यात: बैठक व्यवस्था आदल्या दिवशी लावावी, गोंगाटापासून दूरचं एक छोटं दालन राखून ठेवावं, आणि अडचण असलेल्यानं कुणाला भेटायचं त्या एका प्राध्यापकाचं नाव नि बसण्याची जागा फलकावर लिहावी. पालकांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की १८ वर्षं उलटली म्हणून निदानाचा आणि प्रमाणपत्राचा हक्क संपत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज कधीही करता येतो. आईवडील कारखान्यावर जायच्या आत लहानपणीची माहिती त्यांच्याकडून लिहून घ्या आणि ती तपासणीला सोबत न्या.